'काहीतरी चुकलं' म्हणजे नेमकं काय चुकलं?

गेल्या वर्षीची गोष्ट. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, रात्रीचे पावणेदहा. मी आणि माझी मैत्रीण कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत बसलो होतो. नाव, पत्ता, बँक खातं, सगळं भरून झालं. उत्पन्नाचा दाखला अपलोड केला, 'सबमिट' दाबलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली : 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' केला. पुन्हा तेच. असं नऊ वेळा झालं. मैत्रीण रडायच्या बेतात. शेवटी कॅफेवाला दादा खुर्ची सरकवत आला, एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, फाइलच्या नावात स्पेस आहे. ती काढा." काढली. फॉर्म गेला.

दादाने ४० रुपये घेतले. त्यातले प्रिंटचे किती आणि त्या एका वाक्याचे किती, हे मी विचारलं नाही. पण ते वाक्य खरं तर त्या साइटने सांगायला हवं होतं, आणि तेही फुकट.

तुमच्यावरही ही वेळ आलीच असेल. परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, ॲडमिशनची फी, काहीही असो. आपण साइटला शिव्या घालतो, नेटवर्कला दोष देतो आणि मग हळूच मनात येतं, 'माझंच काहीतरी चुकलं असणार.' कारण न सांगणाऱ्या मेसेजचा हा सगळ्यात वाईट परिणाम. चूक कोणाची हे कळत नाही, आणि समोर आपण एकटेच असतो, म्हणून ती आपल्याच गळ्यात पडते.

मला वाटायचं, मेसेज लिहिणाऱ्याने आळस केला, बस. एक वाक्य नीट लिहायला काय लागतं? हा समज माझ्या रूममेटने मोडला. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मिनी प्रोजेक्टसाठी सी भाषेत एक छोटी लायब्ररी लिहीत होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामना वापरता येतील अशा तयार फंक्शन्सचा संच. तिची लायब्ररी विद्यार्थ्यांची यादी आणि फोटो वाचून हॉल तिकिटं तयार करणार होती. मी मास कॉमची, मला सी भाषेतलं ओ की ठो कळत नाही. पण रात्री दीड वाजता तिच्या स्क्रीनवर फक्त 'एरर' असा एक शब्द होता आणि तो तिनेच लिहिला होता. तिचीच लायब्ररी तिलाच काय चुकलं ते सांगत नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चांगला एरर मेसेज कुणी एकाने एका जागी बसून लिहायचा नसतो. तो बांधत न्यायचा असतो, खालून वर, एकेक थर चढवत.

आकड्यात कोंबलेली चूक

सी भाषा बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी घडवली, युनिक्ससोबतच. त्या काळी मेमरी महाग होती आणि शब्दांची काटकसर चालायची. युनिक्सचा 'ईडी' नावाचा जुना एडिटर तर काहीही चुकलं तरी फक्त '?' छापायचा. काय चुकलं ते तुम्ही ओळखा!

सीमधल्या चुका आजही बऱ्याच अंशी आकड्यांतच बोलतात. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमवर फाइल उघडता आली नाही तर फंक्शन 'नल' परत देतं आणि 'एररनो' नावाच्या जागी एक आकडा ठेवून जातं. २ म्हणजे अशी फाइल किंवा फोल्डर नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २८ म्हणजे डिस्कवर जागा उरली नाही. 'स्ट्रएरर' हे फंक्शन त्या आकड्याचं वाक्य करून देतं. पण वाक्य झालं तरी माहिती आकड्याएवढीच. 'अशी फाइल नाही' हे ठीक, पण कशी फाइल? कुठली? कशाला हवी होती? आकड्यात हे मावतच नाही.

त्यात हा आकडा टिकाऊही नाही. पुढचं कुठलंही फंक्शन त्याच्यावर आपला आकडा लिहून जाऊ शकतं. याचा एक भारी किस्सा सीच्या जगात प्रसिद्ध आहे. कित्येक सिस्टिमवर 'प्रिंटएफ' छापण्याआधी आतल्या आत एक चौकशी करतं, की समोर खरा टर्मिनल आहे का? आउटपुट फाइलमध्ये जात असेल तर ती चौकशी फसते. छपाई व्यवस्थित होते, पण एररनोमध्ये त्या फसलेल्या चौकशीचा आकडा बसतो. जुन्या युनिक्सवर त्या आकड्याचा अर्थ होता, 'हा टाइपरायटर नाही'. म्हणजे चूक झाली भलतीच, ती सांगायला प्रोग्रामने तोंड उघडलं आणि सांगितलं काय, तर 'हा टाइपरायटर नाही'! म्हणून नियम असा, की एररनो पाहायचा तो चूक झाल्या झाल्या, आणि आधी बाजूला जपून ठेवायचा. बोलायचं नंतर.

चार मजले, एक मेसेज

आता रूममेटची लायब्ररी बघा. ती चार मजल्यांची इमारत समजा. तळमजल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम. तिला एवढंच माहीत की मागितलेली फाइल नाही. पहिल्या मजल्यावर फाइल उघडणारं फंक्शन. त्याला फाइलचं नाव माहीत आहे, पण ती कशाला हवी हे माहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर एका विद्यार्थ्याची माहिती गोळा करणारं फंक्शन. त्याला सीट नंबर माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावर हॉल तिकिटं बनवणारं मुख्य फंक्शन. काम नेमकं काय चाललं होतं, हे फक्त त्यालाच ठाऊक.

पूर्ण गोष्ट यातल्या एकालाही माहीत नाही. म्हणून प्रत्येकाने खालून आलेला मेसेज घ्यायचा, त्याच्या पुढे आपल्याला माहीत असलेलं एक वाक्य जोडायचं आणि वर द्यायचा. शेवटी काय तयार होतं बघा :

'हॉल तिकिटं तयार झाली नाहीत : सीट नंबर ४१२ चा फोटो वाचता आला नाही : "फोटो ४१२.जेपीजी" ही फाइल उघडता आली नाही : अशी फाइल किंवा फोल्डर नाही.'

डावीकडून वाचलं तर काय करायचं होतं ते कळतं, उजवीकडे जावं तसं का जमलं नाही ते कळतं. ऑफिसातला क्लार्क पहिली दोन वाक्यं वाचून ४१२ नंबरच्या मुलाला फोन करेल. प्रोग्रामर शेवटची दोन वाचून फोल्डर तपासेल. मेसेज एकच, कामाला आला दोघांच्या.

यात बिघाड तीन प्रकारे होतो आणि रूममेटने प्रामाणिकपणे तिन्ही करून पाहिले होते. पहिला, गिळणं. खालून सविस्तर मेसेज आला, वरच्या फंक्शनने तो टाकून दिला आणि उणे एक परत केला. दुसरा, बदलणं. खालचा मेसेज पुसून त्या जागी 'हॉल तिकीट एरर' असं आपलं लेबल चिकटवलं. स्कॉलरशिपच्या साइटवरही असंच काहीसं झालं असावं असा माझा अंदाज आहे. फाइलच्या नावातली स्पेस ज्या कोडने नाकारली, त्या कोडला कारण पक्कं माहीत होतं. वर येईपर्यंत ते कुठल्या तरी मजल्यावर सांडलं.

तिसरा प्रकार म्हणजे सगळ्यांनी ओरडणं. प्रत्येक फंक्शन आपापलं 'प्रिंटएफ' करतं, स्क्रीनवर चार तुटक ओळी येतात आणि कुठली कुणाची ते कळत नाही. लायब्ररीने तर मुळात छापूच नये. तिला कोण वापरणार, हे तिला माहीत नसतं. उद्या ती एखाद्या सर्व्हरमध्ये बसेल, तिथे बघायला स्क्रीनच नसेल. काहींची लायब्ररी फाइल सापडली नाही म्हणून थेट 'एक्झिट' करते आणि पूर्ण प्रोग्राम बंद पाडते. एका फ्लॅटचा नळ गळतोय म्हणून पूर्ण बिल्डिंगची वीज घालवण्यातला हा प्रकार. लायब्ररीचं काम आहे मेसेज बांधून वर देणं. त्याचं काय करायचं, हे वापरणारा ठरवेल.

हे जमवलेलं आहे लोकांनी

'सीमध्ये हे होत नाही गं,' असं रूममेट आधी म्हणाली होती. होतं की! कॉलेज फेस्टची पोस्टर बनवायला तुमच्यातल्या कुणीतरी 'गिम्प' वापरलं असेल. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. त्याच कामातून पुढे 'जीटीके' आणि 'जीलिब' या सीमधल्या लायब्ररी वाढल्या. जीलिबच्या २००२ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत 'जीएरर' नावाची सोय आहे. तिचे तीन भाग : चूक कुठल्या विभागातली, त्या विभागातली कितव्या नंबरची आणि माणसाला वाचता येईल असा मेसेज. आकडा प्रोग्रामसाठी, वाक्य माणसासाठी. खालून आलेल्या मेसेजच्या पुढे आपलं वाक्य जोडायला वेगळं फंक्शनही आहे.

मला आवडला तो तिचा एक नियम. एक चूक नोंदवलेली असताना तुम्ही तिच्यावरच दुसरी लिहायला गेलात, तर जीलिब इशारा देतं, की आधीच्या चुकीवर नवी चूक लिहिताय. मूळ कारण पुसू नका, हा संस्कार कोडमध्येच घातलाय.

दुसरं उदाहरण 'लिबकर्ल'चं. इंटरनेटवरून माहिती आणणारी ही लायब्ररी स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांची. तीही आकडा देते. ७ म्हणजे सर्व्हरशी जोडणी झाली नाही. पण तुम्ही तिला किमान २५६ बाइटची रिकामी जागा दिलीत, तर कुठल्या पत्त्याशी, कुठल्या पोर्टशी, काय कारणाने, असा तपशील ती त्यात लिहून देऊ शकते. मेमरी तुमची, मजकूर तिचा. त्यामुळे नंतर जागा रिकामी कोणी करायची हा वादच नाही.

सांगायला गेलं आणि क्रॅश झालं

सीमध्ये हे काम किचकट आहे, हेही मान्य करायला हवं. या भाषेत वाक्य साठवायला वेगळा प्रकारच नाही. अक्षरांची रांग असते आणि तिची लांबी तुम्ही सांभाळायची. दोन वाक्यं जोडायची म्हणजे जागा मोजा, मागा, भरा आणि नंतर कुणीतरी आठवणीने परत करा. आणि चूक 'मेमरी संपली' हीच असेल तर? ती सांगायला लागणारी मेमरी आणणार कुठून? त्यासाठी थोडी जागा आधीच राखून ठेवावी लागते.

रूममेटने ६४ बाइटची जागा घेतली आणि 'एसप्रिंटएफ'ने मेसेज भरला. हे फंक्शन जागा किती आहे ते बघत नाही. एका फाइलचं नाव लांबलचक निघालं, मेसेज जागेबाहेर सांडला आणि प्रोग्राम क्रॅश! फोटो नसल्याने काही बिघडलं नव्हतं. फोटो नाही हे सांगताना बिघडलं. मग तिने १९९९ च्या सी प्रमाणात आलेलं 'एसएनप्रिंटएफ' वापरलं. ते दिलेल्या जागेपलीकडे लिहीत नाही आणि खरं तर किती अक्षरं लागली असती हेही सांगतं. म्हणजे मेसेज कापला गेला का, ते कळतं.

इथे आपल्या मराठीचा प्रश्न येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. शेवटचा एक बाइट वाक्य संपल्याच्या खुणेला जातो. म्हणजे ६४ बाइटमध्ये जेमतेम २१ चिन्हं. 'फोटो वाचता आला नाही' एवढ्याशा वाक्यातच स्पेस धरून १९ होतात. पुढचं कापलं जाणार, आणि चिन्हाच्या मधोमध कापलं गेलं तर शेवटी अक्षराऐवजी चौकोन दिसणार.

दुसरी गंमत व्याकरणाची. इंग्रजीत विचार करणारा प्रोग्रामर एक साचा करतो : 'अमुक सापडलं नाही'. अमुकच्या जागी वस्तूचं नाव भरलं की झालं. मराठीत फाइल सापडली नाही, फोटो सापडला नाही, प्रमाणपत्र सापडलं नाही. क्रियापदच बदलतं. म्हणून 'फाइल सापडला नाही' असली वाक्यं आपल्याला सरकारी-बिनसरकारी सगळ्या ॲपमध्ये वाचावी लागतात. भाषांतरासाठी वापरली जाणारी 'गेटटेक्स्ट' ही व्यवस्था यावर साधा उपाय सांगते : भाषांतरकाराला पूर्ण वाक्य द्या, तुकडे देऊ नका. मेसेज बांधण्याच्या रीतीतही हेच बसतं. प्रत्येक मजल्याने आपलं पूर्ण वाक्य द्यावं आणि मध्ये फक्त अपूर्णविराम असावा. मग प्रत्येक वाक्याचं मराठी नीट होतं.

'पण युजर वाचतो कुठे?'

हा आक्षेप मला तिघांनी ऐकवला. युजर वाचत नाही, कारण आजवर वाचून काही हाती लागलेलं नाही. दादाचं एक वाक्य आम्ही लगेच ऐकलं की!

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. 'नाव बरोबर, पासवर्ड चूक' असं सांगितलं तर चोराला अर्धी माहिती मिळते. आधार नंबर, पासवर्ड मेसेजमध्ये कधीच येऊ नयेत. पण याचा अर्थ मेसेज बांधूच नये असा होत नाही. तो पूर्ण बांधा, लॉगमध्ये पूर्ण ठेवा आणि युजरला त्यातलं त्याच्या कामाचं दाखवा. बांधलेल्यातलं लपवता येतं. न बांधलेलं शोधून काढता येत नाही.

तिसरा आक्षेप आजचा : 'एरर कॉपी करून चॅटबॉटला विचारू.' जरूर विचारा. पण मेसेजच 'एरर' एवढाच असेल तर तो बिचारा तरी काय सांगणार? आपल्यासारखाच अंदाज बांधणार.

मी सध्या इंटर्नशिप करतेय. पहिल्या आठवड्यात मी 'अपघातात दोघे जखमी' एवढी बातमी डेस्कला दिली. ती लगेच परत आली : कुठे? किती वाजता? कोण? कशामुळे? तेव्हा राग आला होता. आता कळतं, की घटनास्थळी मी होते आणि मला माहीत होतं ते मीच लिहायला हवं होतं. डेस्क माझ्या बातमीला मागचा-पुढचा संदर्भ जोडू शकतो. मी जे पाठवलंच नाही, ते तो आणणार कुठून?

आउटपुटशेजारी एक जागा

माझा मुद्दा कॉलेजांशी आहे. रूममेटचं जर्नल मी चाळलं. प्रत्येक प्रॅक्टिकलला उद्दिष्ट, कोड, आउटपुट. आउटपुट नेहमी यशस्वीच! व्हायवाला एक्स्टर्नलने 'ही फाइल नसेल तर तुझा प्रोग्राम काय म्हणेल?' असं तिला तीन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. ज्याला मार्क नाहीत ते कोण करेल? मग हीच मुलं नोकरीला लागतात, पोर्टल बनवतात आणि आपण रात्री पावणेदहाला 'काहीतरी चुकलं' वाचत बसतो.

म्हणून मागणी छोटी आहे. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आउटपुटशेजारी आणखी एक स्क्रीनशॉट असावा : प्रोग्राम फसल्यावर काय म्हणतो त्याचा. आणि त्याला दोन मार्क असावेत. अभ्यासक्रम बदलायला नको, समिती नको. सर-मॅडमनी ठरवलं तर पुढच्या सबमिशनपासून होईल.

आणि सर-मॅडम ठरवेपर्यंत, तुम्ही कोड लिहीत असाल तर एवढं करा. प्रोग्रामला लागणारी एक फाइल मुद्दाम डिलीट करा, प्रोग्राम चालवा आणि येणारा मेसेज तुमच्या कोडशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. माझ्यासारखी मास कॉमची रूममेट चालेल. आता काय करायचं, हे त्या व्यक्तीला सांगता आलं तर तुमचा मेसेज पास.

रूममेटने तिची लायब्ररी बदलली. आता ती चार मजली वाक्य देते. तिला त्यासाठी दोन रात्री लागल्या. माझ्या मैत्रिणीची स्कॉलरशिप एका स्पेसवर अडली होती आणि फॉर्म बंद व्हायला सव्वादोन तास उरले होते. त्या रात्री दादाने कॅफे लवकर बंद केला असता तर?